यादीतील एक ओळ

यंत्र मोडले तर मनुष्य ते दुरुस्त करतो आणि दुरुस्त होण्यासारखे नसेल तर टाकून देऊन दुसरे घेतो. त्यात हळहळ असली तरी कोडे काही नाही. परंतु यंत्र धडधाकट आहे, त्याला वीज मिळते आहे, तारही शाबूत आहे आणि तरीही शेजारचा संगणक त्याची दखल घ्यायला तयार नाही, अशी वेळ आली म्हणजे भला शहाणा माणूसही गोंधळून जातो. बिघाड दाखवायचा तरी कशात?

समजा, हुबळीच्या केशवापुरात एका व्यापाऱ्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला विजेवर चालणारा वजनकाटा आहे. काटा अजून ग्रॅमाचाही फरक दाखवत नाही. त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचा एक पोर्ट असून वजनाचा आकडा त्यातून तारेने संगणकाकडे जातो आणि पावतीवर उमटतो. जुना संगणक निकामी झाला, नवा आला. पण नव्या संगणकाला तो नऊ पिनांचा पोर्टच नाही. त्याला आहेत त्या चपट्या यूएसबीच्या खाचा. बाजारात दोन-चारशे रुपयांना एक छोटी जोडणी मिळते. तिच्या एका टोकाला नऊ पिना आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी. व्यापाऱ्याने ती आणली व लावली, आणि काम सुरू झाले. वर्षभराने ती हरवली म्हणून त्याच दुकानातून, त्याच रंगाची, तशीच दिसणारी दुसरी आणली. ती मात्र काही केल्या चालेना. दोन्ही जोडण्या जुळ्या बहिणींसारख्या. मग एकीला घरात प्रवेश आणि दुसरीला का नाही?

याचे उत्तर काट्यात नाही, तारेत नाही, संगणकाच्या पत्र्याच्या पेटीतही नाही. ते एका यादीत आहे. त्या यादीसंबंधीच आज थोडे सांगावयाचे आहे.

नऊ पिनांच्या या पोर्टची कुळकथा जुनी आहे. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९६० साली, म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, आरएस-२३२ या नावाचे एक प्रमाण ठरवून दिले. दूरच्या टंकयंत्राशी संकेतांची देवघेव कशी करावी, याचे ते नियम होते. अक्षराचे तुकडे करायचे आणि एकाच तारेवरून ते एकामागून एक पाठवायचे. मुंग्यांची रांग चालावी तसे हे चालते, म्हणूनच याला सीरियल असे नाव पडले. वेग मोजण्याचे बॉड हे परिमाण तर त्याहून जुने. फ्रान्समधील तारायंत्रतज्ज्ञ एमिल बोदो (१८४५–१९०३) यांच्या नावावरून ते आले. वजनकाट्यांत आजही ९६०० बॉड हा वेग सर्रास आढळतो. एका अक्षराला आरंभ व अंत धरून दहा खुणा लागतात, तेव्हा सेकंदाला ९६० अक्षरे जातात. आजच्या काळात हा वेग गोगलगायीचा. परंतु काट्यावरचे चार आकडे सांगायला त्याहून अधिक कशाला हवा? म्हणून कारखान्यातील यंत्रे, प्रयोगशाळेतील उपकरणे, भूईकाटे आणि दूरसंचाराची साधने यांनी तो सोडला नाही.

संगणकाने मात्र सोडला. १९९६ च्या जानेवारीत इंटेल आदी सात कंपन्यांनी यूएसबीचे पहिले प्रमाण जाहीर केले. त्यामागे ज्यांचे डोके प्रामुख्याने होते ते अजय भट्ट बडोद्यात जन्मले आणि तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले, हे मराठी श्रोत्यांना ऐकून बरे वाटेल. छपाईयंत्राला एक पोर्ट, कळफलकाला दुसरा, माउसला तिसरा असा जो गोंधळ होता तो मिटावा, हा त्यांचा हेतू होता. तो साधला. पण जुनी यंत्रे जुन्याच भाषेत बोलत राहिली.

या भागातील वडीलधाऱ्या मंडळींना मिरजेचे जंक्शन आठवत असेल. पुण्याकडून येणारा लोहमार्ग रुंद मापाचा झाला आणि हुबळीकडे जाणारा मीटर मापाचाच राहिला, त्या काळात उतारूंना तेथे गाडी बदलावी लागे आणि माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. एका रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, दुसऱ्यातील १०००. डबा इकडचा तिकडे जायचा कसा? नव्वदीच्या दशकात हुबळीचा मार्गही रुंद झाला आणि ती यातायात संपली. यूएसबीची ही छोटी जोडणी म्हणजे तेच मिरजेचे फलाट होय. तिच्या पोटात एक चिप असते, तीच येथली हमाल. पोत्यातली ज्वारी तीच राहते, फक्त डबा बदलतो.

आता हमालांच्या जाती अनेक. स्कॉटलंडमधील एफटीडीआय, तैवानमधील प्रोलिफिक, अमेरिकेतील सिलिकॉन लॅब्ज आणि चीनमधील डब्ल्यूसीएच या कंपन्यांच्या चिपा बाजारात विशेष दिसतात. काम सर्वांचे एकच, परंतु हुकूम घेण्याची भाषा प्रत्येकीची निराळी. ‘९६०० चा वेग धर’ हे एकीला एका शब्दात सांगावे लागते, तर दुसरीला निराळ्याच हिशेबाने. हे सांगणारा कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. तो संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, राहतो.

लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा सर्वांना वाचता येतो. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहावयास घेतला आणि १९९२ मध्ये अशा परवान्याखाली ठेवला की कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र वाटताना बदललेला मजकूरही खुला ठेवावा. यूएसबीवरील सीरियल जोडण्यांचा विभाग त्यात ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी १९९९ पासून उभा केला. प्रोलिफिकच्या चिपेचा ड्रायव्हर २००१ चा, सिलिकॉन लॅब्जचा २००५ चा, डब्ल्यूसीएचचा २००७ चा. जोडणी ओळखली गेली म्हणजे तिला टीटीवाय या अक्षरांनी सुरू होणारे नाव मिळते. ही अक्षरे टेलिटाइप या जुन्या तारयंत्रावरून आलेली आहेत. ते यंत्र बहुतेकांनी पाहिलेही नसेल; त्याचे नाव मात्र प्रत्येक लिनक्स संगणकात रोज घेतले जाते.

ही ओळख पटते कशी? प्रत्येक यूएसबी उपकरण जोडले जाताच दोन आकडे सांगते. पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या मालाचा. जणू आडनाव आणि नाव. एफटीडीआयचे आडनाव ०४०३ आणि तिच्या प्रसिद्ध चिपेचे नाव ६००१. ड्रायव्हरपाशी अशा जोड्यांची एक यादी असते. आलेली जोडी यादीत सापडली की ड्रायव्हर पुढे होतो. न सापडली तर चिप ओळखीची असूनही तो जागचा हलत नाही. दारावरच्या रखवालदाराने पाहुण्याचा चेहरा न बघता केवळ चिठ्ठी पाहावी, तसाच हा प्रकार. केशवापुरातील त्या व्यापाऱ्याची दुसरी जोडणी अडली असेल तर बहुधा येथेच. विक्रेत्याने चिप तीच वापरली, पण तिच्यावर आकडा आपला घातला.

मग आकडा बदलतातच कशाला? यात लबाडी असतेच असे नाही. एखाद्या कंपनीला आपले यंत्र संगणकाने आपल्या नावाने ओळखावे असे वाटते. उत्पादकाचा स्वतंत्र क्रमांक मिळवायचा तर यूएसबीच्या संस्थेकडे हजारो डॉलर भरावे लागतात. लहान कारखानदाराला ते झेपत नाही, म्हणून एफटीडीआय आपल्याच आडनावाखाली काही नावे गिऱ्हाइकांना विनामूल्य देते. परिणाम असा की लिनक्समधील एफटीडीआयच्या यादीत शेकडो नोंदी झाल्या आहेत. हौशी बिनतारी केंद्रांची उपकरणे, मापनयंत्रे, इतकेच काय, घरात छोट्या रुळांवर धावणाऱ्या खेळातल्या आगगाड्यांचे नियंत्रकदेखील तेथे आहेत. हुबळीसारख्या रेल्वेच्या गावी ही यादी वाचताना कोणालाही मौज वाटेल.

ड्रायव्हरचा विस्तार करणे हे शब्द मोठे भारदस्त वाटतात, पण अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की यादीत एक ओळ घालायची. कंसात दोन आकडे, पुढे स्वल्पविराम, संपले. शाळेतील मुलालाही ते लिहिता येईल. अवघड आहे ते निराळेच. ही ओळ खरी आहे, हे दाखवायचे कसे?

त्यासाठी लिनक्समध्ये एक सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ड्रायव्हर चालू असतानाच संगणकाच्या व्यवस्थापकाने त्याला दोन आकडे सांगावेत आणि ही जोडणी आपली समजून वागवून पाहा, असे सुचवावे. गाभ्याला हात न लावता परीक्षा होते. संगणक बंद केला की हे सांगणे विसरले जाते, म्हणून धोका थोडा. परीक्षेची जुनी रीत अशी की नऊ पिनांपैकी दुसरी आणि तिसरी यांना तारेचा तुकडा जोडायचा. तिसरीतून गेलेले अक्षर दुसरीतून परत येते. टाइप केलेले पडद्यावर उमटले की पुष्कळ लोक समाधान पावतात. पण येथेच फसगत आहे. पाठवणारी आणि घेणारी चिप एकच, घड्याळही एकच. वेग चुकीचा लागला असला तरी दोन्हीकडे सारखाच चुकलेला असतो आणि अक्षर बिनचूक परत येते. स्वतःच विचारलेल्या प्रश्नाला स्वतःच उत्तर दिल्यासारखे ते आहे. खरी परीक्षा दुसऱ्या, खात्रीच्या यंत्राशी बोलूनच होते. त्या यंत्राकडून ९६०० वर अक्षरे नीट आली, वेग वाढवून आणि कमी करूनही आली, तरच ओळ खरी मानावी. नाहीतर वजनाच्या जागी पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसू लागतो. क्वचित त्याहून वाईट घडते, म्हणजे कचरा न दिसता चुकीचा आकडाच दिसतो.

परीक्षा झाली की ओळ वरिष्ठांकडे धाडायची. लिनक्समध्ये या बदलाला पॅच म्हणतात. ठिगळ हा आपला शब्द त्याला तंतोतंत लागू पडतो. त्यासोबत हे उपकरण कोणते, त्यात चिप कोणती, जोडल्यावर संगणकाने काय काय वाचले हे लिहावे लागते आणि खाली आपल्या नावाची सही करावी लागते. हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही त्या सहीत असते. ही सहीची प्रथा २००४ पासूनची आहे. या विभागाची देखभाल कित्येक वर्षे योहान होवोल्ड पाहत आले आहेत. ओळ एवढीशी असली तरी ती योग्य ड्रायव्हरात घातली आहे का, क्रमाने घातली आहे का, याची ते विचारपूस करतात. कोणाला हा छळ वाटेल. परंतु ही यादी जगभरच्या कोट्यवधी यंत्रांत जाणार असते, तेव्हा एवढी कसोशी रास्तच म्हणावी लागेल. मंजूर झालेली ओळ पुढच्या आवृत्तीत जाते. शिवाय एरव्ही नव्या गोष्टींना दार बंद असलेल्या जुन्या स्थिर आवृत्त्यांतही उपकरणाचा नवा आकडा घेण्यास नियमानेच मुभा आहे. ज्यांनी संगणक वर्षानुवर्षे बदलला नाही त्यांची ही मोठीच सोय.

आता एका ओळीचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

एफटीडीआयची चिप नावाजलेली, म्हणून तिच्या नकला निघाल्या. नकली चिपा ०४०३ आणि ६००१ हेच आकडे सांगत आणि कंपनीनेच खपून केलेला विंडोजचा ड्रायव्हर वापरून चालत. कंपनीची तक्रार अगदी वाजवी होती. कष्ट एकाचे आणि विक्री दुसऱ्याची, हे कोण सहन करील? परंतु तिने उपाय योजला तो विलक्षण. २०१४ साली विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून तिचा नवा ड्रायव्हर लोकांच्या संगणकांत उतरला. तो नकली चिप हेरी आणि तिच्या स्मृतीत कोरलेला मालाचा आकडा पुसून तेथे शून्य लिही. त्या क्षणापासून ती जोडणी निनावी झाली. विंडोजवर चालेना, आणि आकडा चिपेतच बदललेला असल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही संगणकावरही चालेना. परवान्याच्या मजकुरात तशी सूचना दिलेली होती म्हणे. पण तो मजकूर वाचतो कोण?

शिक्षा झाली ती कोणाला? नक्कल करणारा आपले पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला होता. शिक्षा झाली ती दुकानातून यंत्र घेणाऱ्याला, ज्याला आत कोणती चिप आहे हे पाहण्याचे साधन नव्हते. चिपा अनेक हातांतून जातात, त्यामुळे कित्येकदा यंत्र बनविणाऱ्यालाही आपल्या मालात नकली चिप शिरल्याचा पत्ता नसतो. अशी जोडणी एखाद्या दवाखान्यातील किंवा कारखान्यातील उपकरणाला लावलेली असेल तर काय, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. गदारोळ झाला आणि कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. पुढे २०१६ मध्ये तिच्या नव्या ड्रायव्हरने आकडा पुसण्याचे सोडले, पण नकली चिपेतून खऱ्या माहितीऐवजी ‘हे अस्सल उपकरण नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे पाठवण्यास आरंभ केला. वजनाच्या जागी ती अक्षरे आली तर पावती कशी दिसेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

लिनक्समध्ये २०१४ च्या त्याच ऑक्टोबरात एक ठिगळ आले. त्याने एफटीडीआयच्या यादीत आणखी एक जोडी घातली, ०४०३ आणि शून्य. बस्स, एवढेच. ज्यांचे नाव पुसले गेले होते त्यांना शून्य याच नावाने हाक मारायची असे ठरले आणि त्या जोडण्या लिनक्सवर पुन्हा बोलू लागल्या. त्या ओळीने नकलेचे समर्थन केले नाही किंवा अस्सल मालाचे नुकसानही केले नाही. उंबऱ्यावर ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला तिने आत घेतले. ती ओळ यादीत अजूनही आहे.

प्रोलिफिकची कथा थोडी निराळी. तिच्या नकलाही फार झाल्या, तेव्हा नव्या विंडोज ड्रायव्हरांनी जुन्या चिपाच नाकारल्या. जोडणी लावली की पडद्यावर असा शेरा दिसे की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याला भेटा. नकली चिपांबरोबर कंपनीच्याच जुन्या अस्सल चिपाही त्यात अडकल्या. दहा वर्षांपूर्वीचा विक्रेता शोधायचा कोठे? लिनक्सच्या ड्रायव्हरने त्या चिपा सोडल्या नाहीत. आणि २०१९ मध्ये त्याच कंपनीने नवी चिप काढली, तेव्हा तिचे आकडे व तिची हुकूम घेण्याची निराळी रीत लिनक्सच्या ड्रायव्हरात घालण्याचे काम खुद्द कंपनीच्या माणसानेच केले. त्या वेळी केवळ ओळीने भागले नाही. चिपेची जात ओळखून त्याप्रमाणे वागणारा मजकूर लिहावा लागला.

आकड्यावर विसंबण्याचा दुसराही एक धोका आहे, आणि त्यात खलपुरुष कोणीच नाही. डब्ल्यूसीएचची चिप स्वस्त म्हणून हजारो निरनिराळ्या वस्तूंत बसली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रयोगाला घेतात त्या स्वस्त आर्डुइनो फळ्यांतही ती असते. बहुतेक उत्पादक तिचा मूळ आकडा, ७५२३, बदलण्याच्या भानगडीत पडत नाहीत. आता अंध व्यक्तींसाठी ब्रेल लिपीत अक्षरे उठवणारी उपकरणे असतात. त्यांतील एकात हीच चिप आणि हाच आकडा होता. ब्रेलचा कार्यक्रम लिनक्समध्ये पूर्वीपासून आहे. उपकरण जोडताच तो आपोआप जागा व्हावा, म्हणजे अंध माणसाला दुसऱ्याची मदत घ्यावी लागू नये, या सद्हेतूने त्याच्या यादीतही ७५२३ ची नोंद होती. २०२२ मधील उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीत असे होऊ लागले की विद्यार्थ्याने आपली फळी लावावी, ड्रायव्हरने तिला नाव द्यावे आणि दुसऱ्याच क्षणी ब्रेलच्या कार्यक्रमाने ती आपली समजून ओढून घ्यावी. फळी दिसे आणि नाहीशी होई.

त्यावर जो तो एकच तोडगा सांगू लागला, तो म्हणजे ब्रेलचा कार्यक्रम काढून टाका. डोळसाला तो सोपा होता. ज्याची बोटे हेच वाचनाचे साधन, त्याच्या संगणकावरून मात्र तो काढायचा कसा? दोन याद्या, दोन्ही चांगल्या बुद्धीने केलेल्या, आणि दोघींचा दावा एकाच आकड्यावर. ब्रेलच्या कार्यक्रमात आता असे सर्वसामान्य आकडे वेगळे काढलेले आहेत. ज्या आकड्यावर त्या उपकरणाखेरीज दुसरे कोणी येत नाही त्याला तो आपण होऊन उत्तर देतो, आणि सर्वांच्या सामाईक आकड्यांची यादी लावायची की नाही हे त्या त्या आवृत्तीच्या वितरकाने ठरवायचे असते.